तोंडलीच्या मांडवाचे बांबू

मागचं दार उघडून करुणा परसात आली, तर तिथं मांडव उभा राहू लागला होता. चार कोपऱ्यांना बाभळीच्या चार मेढी रोवलेल्या, वरच्या टोकाला दोन फांद्या फुटलेल्या, आणि त्या बेळक्यांत दोन लांब बांबू आडवे टाकलेले. मेढींच्या बुडाशी माती अजून ओली होती. मागच्या शनिवारी ती येऊन गेली तेव्हा इथं धुण्याचा दगड होता, पपईचं झाड होतं आणि भिंतीच्या कडेला थंडीनं वाळून पडलेला तोंडलीचा वेल होता. बाकी काही नव्हतं.

तिचे वडील स्टुलावर उभे राहून ठिबकची जुनी काळी नळी एका बांबूला गुंडाळत होते.

"आबा, स्टुलावर कशाला चढलात?"

"मग, वेलाला म्हणू का खाली वाकून बांध?"

"धरायला तरी कुणाला बोलवायचं."

"स्टूल धरायला लागलं तर माणूस म्हातारं झालं म्हणायचं. चहा टाक. डेमूला गर्दी हुती का?"

गर्दी होती. केडगाव स्टेशनपर्यंत ती गाडीत उभीच होती. पण ते न सांगता ती मांडवाकडं बघत राहिली. हा मांडव तिच्या आईनं, पार्वतीबाईंनी, किती वर्षं मागितला होता ते मोजण्यात अर्थ नव्हता. शिरूरकडच्या माहेरातून त्यांनी तोंडलीची एक कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती आणि परसात खोचली होती. वेल फोफावला, भिंतीवर चढला, भिंत ओलांडून शेजारच्या ललिताबाईंच्या अंगणात उतरला आणि तिथल्या शेळीनं तो निम्मा खाल्ला. दर वर्षी हेच. 'चार काठ्या उभ्या करा हो,' असं आई म्हणायची. आबा म्हणायचे, करू. थंडी सुरू झाली आणि आईच गेली.

"मेढी चांगल्या मिळाल्या," करुणा म्हणाली.

"गेणबाच्या बांधावरची बाभूळ. वाऱ्यानं पडली हुती. तीन मेढी तिच्याच, ही चौथी त्याच्या गोठ्यातली. ही नळीबी त्याचीच. ऊस तुटला की ती फेकूनच देत्यात. वरनं तुराट्या टाकल्या की झालं."

"आणि बांबू?"

आबांनी नळीला पीळ दिला. "मिळाले."

"कुठून?"

"मिळाले म्हंजी मिळाले. चहा टाक म्हणलं ना."

करुणा आत गेली. तिनं गॅसची कळ पाहिली, बंद होती. दुधाचं पातेलं पाहिलं, झाकलेलं होतं. गोळ्यांची पाकिटं उलटी करून पाहिली, रिकाम्या खळग्यांचा मेळ लागत होता. दर शनिवारी ती हे एवढं करत असे. आईच्या जलदान विधीच्या संध्याकाळी याच ओट्यापाशी तिनं आणि तिच्या धाकट्या भावानं, महेंद्रनं, ठरवलं होतं: उन्हाळ्यापर्यंत आबांना इथं राहू द्यायचं, पण लक्ष ठेवायचं. काही वेडंवाकडं दिसलं की घराला कुलूप घालून त्यांना घेऊन जायचं, शिक्रापूरला महेंद्रकडं नाहीतर वाघोलीला तिच्याकडं. मध्ये एकदा दारावर आलेल्या माणसानं आबांच्या गळ्यात पाणी शुद्ध करायचं एक यंत्र मारलं. ते या घरातल्या कुठल्याच नळाला बसत नव्हतं. महेंद्र फोनवर म्हणाला होता, "अजून एकदा फसले की बास, ताई. मग मी ऐकणार नाही कुणाचं."

आबांना हे ठाऊक नव्हतं, असं तिला वाटत होतं.

चहा उकळेपर्यंत ती त्या बांबूंचाच विचार करत राहिली. आबा असे बोलत नसत. घरातल्या प्रत्येक वस्तूची कुंडली त्यांना तोंडपाठ होती. ही बादली कुर्डुवाडीच्या बाजारातली, हा पाट रेल्वे कॉलनीतला मिस्त्री जाताना देऊन गेला, ही खुर्ची अमक्याच्या लग्नात उरली. विचारलं नाही तरी सांगायचे. मेढींचं सांगितलं, नळीचं सांगितलं. बांबूंपाशी येऊन माणूस गप्प का व्हावा?

दुपारी आबा आडवे झाले. घोरणं लागल्यावर करुणा स्टूल घेऊन बांबूंपाशी गेली.

बांबू उत्तम होते. सरळ, जाड, पेरांपेरांत भरलेले. पण नवे नव्हते. ठरावीक अंतरावर त्यांच्या सालीवर फिकट पट्टे होते, जणू कुणी बारीक सुंभ घट्ट आवळून बांधला होता आणि मग कापून काढला होता. एका पेराच्या खाचेत पांढऱ्या कापडाचा दोरा अडकला होता. दोन्ही बांबूंच्या एकेका टोकाला चाकूनं बारीकशी फुली कोरली होती.

तिनं दोरा ओढून काढला. तो कोऱ्या कापडाचा होता, कधीही न धुतलेल्या. अशा कापडाला खळीचा वास येतो. तो वास तिनं थंडीतल्या एका सकाळी याच घराच्या ओसरीवर घेतला होता. तेव्हा अंगणात दोन लांब बांबूंवर आडव्या कामट्या ठेवून एक माणूस सुंभानं गाठी मारत होता, अगदी याच अंतरावर.

करुणा स्टुलावरून उतरली आणि नळाखाली हात धरला. साबण लावला. मग स्वतःचाच तिला राग आला. वाघोलीच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती. मुलींना शकुन-अपशकुनावरची पुस्तकं हातात देताना ती दोन वाक्यं आपणहून बोलत असे. या बौद्ध घरात तर सणालासुद्धा कुणी नारळ ओवाळला नव्हता. तरी तिनं दुसऱ्यांदा साबण लावला.

"धुवा, धुवा," भिंतीपलीकडून आवाज आला. "म्या तर परवापासनं त्या बाजूला बघतबी न्हाई."

ललिताबाई भिंतीवर कोपर टेकून उभ्या होत्या. त्यांच्या यजमानांची मेंढरं कधीच गेली होती, ते आता ट्रक चालवत. पण अंगणात एक शेळी त्यांनी ठेवली होती आणि कान दोन्ही बाजूंना.

"काय झालं, ललिताबाई?"

"मला काय इचारता? आप्पांना इचारा. ज्ञानूचा हातगाडा आलता हितं. ज्ञानू वो, नदीकडचा. मयताचं सामान इकतो त्यो." गल्लीत आबांना, म्हणजे बन्सींना, सगळे आप्पाच म्हणत. "मी म्हणलं, आप्पा, आता कुणाचं? तर म्हणले, कुणाचं न्हाई, तुम्ही तुमचं दळण बघा. बगा म्हंजी."

"ज्ञानू बांबू घेऊन आला?"

"मग काय जिलबी घेऊन आला?" ललिताबाईंनी आवाज खाली आणला. "ताई, तुमच्यात मयताच्या ताटीचे बांबू जाळत्यात का?"

"नाही. आमच्यातही बाजूलाच काढतात."

"आमच्यातबी न्हाई. बांबू जाळला की वंश जळतो म्हणत्यात. मग गावातनं येवढी माणसं जात्यात, त्यांचे बांबू जात्यात कुठं? नदीत तर दिसत न्हाईत. ज्ञानूच्या पत्र्याच्या शेडात जाऊन बगा येकदा." त्या शेळीला हाकलायला वळल्या आणि पुन्हा फिरल्या. "राग मानू नका, पर ह्या मांडवाची तोंडली मला नगा देऊ. पार्वतीवैनी दर सालाला पाटी भरून द्यायच्या. पर ह्या मांडवाची नगं."

म्हणजे असं होतं तर. करुणाला ज्ञानू आठवला. खांद्यावर मळका पंचा, तोंडात सुपारी. आईच्या दिवशी तिरडी त्यानंच बांधली होती आणि ती धड बांधली नव्हती. एवढी लांब केली होती की पाण्याच्या टाकीपाशी गल्लीच्या वळणावर ती अडकली. पुढचे खांदेकरी एका घराच्या पायरीवर चढले, मागचे गटारात उतरले, तरी वळेना. चुलतभाऊ विनोद ओरडला होता, "माप कळत नाही का रे तुला?" ज्ञानू खाली मान घालून उभा होता. दारातून ते बघताना करुणाला वाटलं होतं, हा सकाळीच पिऊन आला असणार. आईच्या शेवटच्या वाटेवरचा तो खोळंबा तिनं मनात जपून ठेवला होता. काही राग जपून ठेवायला सोपे असतात, कारण त्यांचा धनी दुसराच कुणीतरी असतो.

आणि आता त्याच माणसानं कुणाच्या तरी प्रेताखालचे बांबू एका म्हाताऱ्याच्या परसात आणून टाकले होते. आबांना ते कळलं नसणार. नाहीतर कळलं असेल, आणि आता ओशाळून लपवत असतील. दोन्हींचा अर्थ एकच होता. महेंद्र म्हणाला होता, अजून एकदा.

संध्याकाळी महेंद्रचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "उद्या सांगते."

"म्हणजे आहे काहीतरी."

"उद्या सांगते म्हटलं ना." बोलता बोलता तिला जाणवलं, आपण आबांसारखंच बोललो.

सकाळी ती चपला घालू लागली तसे आबा ओसरीवरून म्हणाले, "कुठं?"

"बाजारात जाऊन येते जरा."

"पिशवी न्हाई घेतलीस?"

तिनं मुकाट्यानं खुंटीवरची पिशवी घेतली.

ज्ञानूचं दुकान स्मशानभूमीच्या रस्त्याला लागून होतं. बाहेर मडक्यांची उतरंड, आत पांढऱ्या कापडाचे तागे, अगरबत्तीचे पुडे आणि भिंतीला टेकवलेले बांबू. मागं पत्र्याचं शेड होतंच. ज्ञानू खुर्चीत बसून मोबाइलवर कुस्ती बघत होता. तिला पाहून त्यानं आवाज बंद केला आणि चेहरा गंभीर केला.

"या, बसा. कोण?"

"कोण म्हणजे?"

"म्हंजी घरातलं कोण. हितं कुणी सहज येत न्हाई, ताई."

"कोणी गेलेलं नाही. मी बन्सी आप्पांची मुलगी."

ज्ञानूनं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते करुणानं नीट पाहून ठेवलं. भीती होती ती, दुसरं काही नाही.

"तुम्ही आमच्या घरी वापरलेले बांबू आणून दिलेत," ती म्हणाली. ती आवाज चढवत नसे. कॉलेजातल्या मुली सांगत की त्यापेक्षा ओरडलेलं बरं. "म्हातारा माणूस एकटा आहे, दुःखात आहे, काही विचारणार नाही, म्हणून ना? अजून किती घरांत असे दिलेत?"

"घरात? घरात न्हाई दिले कधी."

"मग शेडातले बांबू जातात कुठं?"

ज्ञानूनं मागं वळून शेडाकडं असं पाहिलं, जणू ते आत्ताच कुणीतरी आणून ठेवलं होतं. "टमाट्याला जात्यात," तो म्हणाला. "काठ्या चिरून. शेतकरी नेत्यात."

"टोमॅटोला."

"झाडाला काय ठावं असतंय, ताई? निम्मा तालुका खातोय. तुम्हीबी खाल्ले असत्याल. काय झालं का तुम्हाला?"

करुणाला हसू आलं नाही. "म्हणजे तुम्ही कबूल करताय."

"ह्ये कबूल. खोटं कशाला बोलू? पर तुमच्या घरच्याचं इचाराल, तर मी न्हाई म्हणत हुतो. पाया पडायचा बाकी राहिलो." त्यानं समोरच्या टपरीकडं बघून दोन बोटं दाखवली. "चहा घ्या. ही गोष्ट उभ्यानं सांगायची न्हाई."

"मला चहा नको. सांगा."

चहा आला. तिनं तो बाकावर ठेवला. ज्ञानूनं पंच्यानं तोंड पुसलं.

"तुमची आई गेली त्या दिवशी सकाळी आप्पा येकटेच आले. सामानाला कोण तरी नातेवाईक येतो, घरचा कारभारी येत न्हाई. मी म्हणलं, आप्पा तुम्ही कशाला, मी आणतो सगळं. ऐकलंच न्हाई. त्या ढिगातला येकेक बांबू वडला, डोळ्याला लावला, येक डोळा मिटून असा बघितला. रूळ बघत्यात तसा. सगळा ढीग खाली केला माझा. आन् दोन काढले. आख्ख्या दुकानात तेवढेच दोन सरळ हुते. पर लांब. मी म्हणलं, हातभर कापू, तुमच्या गल्लीत वळायचं न्हाई. म्हणले, कापायचे न्हाईत."

करुणा बाकाच्या कडेला टेकली.

"मी म्हणलं, आप्पा, अडकंल. म्हणले, अडकू दे. मग खिशातनं चाकू काढला आन् दोन्हीच्या टोकाला फुली मारली. म्हणले, ज्ञानू, हे टमाट्याला जाता कामा न्हाईत. बाजूला ठेव. पार्वतीचा मांडव राहिलाय."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"आणि टाकीपाशी ते अडकलं," करुणा म्हणाली.

"अडकलं. तुमच्या त्या भावानं माझा उद्धार केला. चालायचंच."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ताटीमागनं चालणाऱ्या माणसाला पुढं करू, की ह्यानं सांगितलं म्हणून?" ज्ञानूनं तिचा कप उचलून तिच्या हातात दिला. "मी ठेवले बाजूला. पर आप्पा आलेच न्हाईत. मला वाटलं इसरले, बरं झालं. तर मागल्या हप्त्यात हजर. मी म्हणलं, आप्पा, ही वस्तू घरात नेत न्हाईत. तर म्हणले, घरातनं तिला न्यायला चालले, मग घरात यायला का चालू नयेत? आता ह्याला काय उत्तर देऊ? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही द्या." तो थांबला. "नदीवर नेऊन घासून काढले मी. त्यांनी सांगितलं न्हवतं. माझ्याच मनासाठी."

गोष्ट इतकी बेतशीर होती की करुणाला वाटलं, हा बनवतोय. रात्रभर बसून रचली असती तरी यापेक्षा चांगली जमली नसती. पण बांबूच्या टोकावरची फुली तिनं कालच पाहिली होती आणि त्याबद्दल इथं अवाक्षर काढलं नव्हतं. शिवाय, बांबू डोळ्याला लावून बघणारे आबा तिच्या नजरेसमोरून हलत नव्हते. ते खोटं रचता येण्यासारखं नव्हतं.

तिनं चहा पिऊन टाकला. "मी तुम्हाला त्या दिवशी मनातल्या मनात बरंच बोलले होते," ती म्हणाली.

"मनातलं आमच्या धंद्यात मोजत न्हाईत," ज्ञानू म्हणाला आणि कुस्तीचा आवाज पुन्हा मोठा केला.

परत येताना एक शंका मिटली होती आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली होती. आबांना कुणी फसवलं नव्हतं, हे खरं. पण बायको घरात निजवलेली असताना जो माणूस तिरडीसाठी मांडवाचे बांबू निवडतो, त्याला काय म्हणायचं? महेंद्रला हे सांगितलं तर तो म्हणेल, ताई, हे तर फसण्यापेक्षा वाईट आहे. डोक्यावर परिणाम झालाय, आजच घेऊन ये. आणि 'नाही' असं ठामपणे म्हणण्याइतकी तिची खात्री नव्हती. बाजारातून तिनं उगीचच वांगी घेतली. रिकामी पिशवी घेऊन जाणं तिच्यानं झालं नाही.

आबा धुण्याच्या दगडावर बसून एका लाकडाच्या तुकड्याला कोयत्यानं टोक काढत होते.

"वांगी कशाला आणली? काल तर गेणबानं दिली."

"असू द्या."

"ज्ञानूचा चहा गोड असतो. साखर लय घालतो."

करुणानं पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या चपलांची माती सांगती." आबांनी कोयता बाजूला ठेवला. रेल्वेत ते चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज ठरलेल्या रुळावरून चालायचं, रूळ घट्ट धरणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकून बसवायची, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं होतं. "करुणा, तपासणारं माणूस कसं चालतं ते मला कळतं. मी तसाच चाललोय जन्मभर. शनवारी तू घरात आलीस की आधी गॅस, मग दूध, मग गोळ्या. आन् मग मी. मग परसात जाऊन महेंद्राला फोन."

तिला वाटलं होतं, आपण पाळत ठेवतोय. पाळत आपल्यावरच होती, हे तिच्या ध्यानी आलं नव्हतं.

"मला वाटलं, त्यानं तुम्हाला फसवलं."

"फसवलं असतं तर काय केलं असतंस?"

तिनं पिशवीतलं एक वांगं उचलून पुन्हा आत ठेवलं.

"न्यायचं ठरलं हुतं ना? कधी?"

"उन्हाळ्यात. काही... काही चुकलं तर."

"म्हणून मी बोललो न्हाई." आबा बांबूंकडं बघत होते. "सांगितलं असतं तर तुम्ही दोघं म्हणला असता, म्हातारा गेला कामातनं. महेंद्राची बायको तर या घराची पायरी चढली नसती. तू चढली असतीस, पर हात धुतला असतास."

"काल धुतला मी," करुणा म्हणाली. "दोनदा."

आबांनी मान हलवली. रागावले नाहीत. "ललितानं तर आंघोळच केली आसंल. भिंतीपलीकडनं."

"आबा, त्या दिवशी... सकाळी आई अजून घरातच होती. तुम्ही मांडवाचा विचार कसा केलात?"

भिंतीच्या बुडाशी तोंडलीच्या वाळक्या खोडाला दोन-तीन ठिकाणी पोपटी डोळे फुटले होते. आबा त्यांच्याकडं बघत होते, की कुठंच नाही, ते तिला कळेना.

"मी केला न्हाई इचार," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही सगळी रडत हुता. बायका तिच्याभवती बसल्या हुत्या, मला जागा न्हवती. मी म्हणलं, बांबू आणतो. तिथं गेलो तर सगळे वाकडे. वाकड्यावर कशाला निजवायची तिला? म्हणून चांगले शोधत बसलो. सापडले, आन् हातात घेतल्यावर वाटलं, असेच पायजे हुते तिला. परसात. ती सांगायची तवा कुठं गेली हुती माझी नजर? येवढंच झालं." त्यांनी हातातला लाकडाचा तुकडा फिरवून पाहिला. "कापू दिले न्हाईत, म्हणून अडकलं टाकीपाशी. तिचे हाल झाले. ते मला अजून..."

वाक्य त्यांनी सोडून दिलं आणि कोयता उचलला. पाचर तयार झाली होती, तरी आणखी थोडी तासली.

करुणाला वाटलं होतं की आता आपल्याला ठरवावं लागेल. हा माणूस भानावर आहे की नाही, याच्या दोन्ही बाजू तोलून. पण ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. या परसात, या गल्लीत, ललिताबाईंच्या टोमण्यांत आणि गेणबाच्या वांग्यांत आबांना प्रत्येक वस्तूचा ठावठिकाणा माहीत होता. वाघोलीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना एकाही वस्तूची कुंडली सांगता आली नसती.

आणि तरी तो बांबू बघून तिला कालच्यासारखाच हात धुवावासा वाटला. ते वाटणं गेलं नाही. ते जाईल असंही तिला वाटलं नाही.

"ही बाजू खाली बसलीय," आबा म्हणाले. "बेळक्यात पाचर मारायची हाय. वर उचलून धरायला कोण तरी पायजे. ललिता तर यायची न्हाई."

"मी धरते."

"हातानं न्हाई पेलायचं. खालनं खांदा लाव."

ती पुढं झाली. पदर कमरेला खोचला, बांबूखाली वाकली आणि खांदा लावून सरळ झाली. बांबू गार होता आणि वाटला होता त्याहून हलका. सालीवरचा एक फिकट पट्टा तिच्या गालापाशी आला. त्या सकाळी बायकांना दारातच थांबवलं होतं. ती थांबलीही होती, काही न बोलता.

"जमतंय का?"

"मारा तुम्ही."

आबांनी हातोडा घेतला. तीन-चार घाव, अंगवळणी पडलेले, एकाच अंतराचे. प्रत्येक घाव तिच्या खांद्याच्या हाडात उतरला. पाचर बसली. तरी ती लगेच बाजूला झाली नाही.

ओट्यावरचा मोबाइल वाजू लागला. आबा आत गेले, नाव बघून फोन तिच्या हातात दिला आणि तिथंच उभे राहिले. आजवर ते फोनच्या वेळी बाजूला व्हायचे.

"बोल ताई," महेंद्र म्हणाला. "काय निघालं? कुणी गंडवलं का परत?"

"नाही. बांबूंचं होतं. ते आईचे आहेत."

"आईचे म्हणजे?"

"तुझ्या खांद्यावर होते ते."

पलीकडं हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते. मग महेंद्रचा आवाज आला, बारीक, लहानपणी शाळेतून उशिरा आल्यावर यायचा तसा. "आबांनी आणले? मुद्दाम?"

"मुद्दाम."

"ताई, हे... हे बरोबर आहे का? तू शिकलेली आहेस, तूच सांग. त्यांना घेऊन ये तू. मी उद्या गाडी पाठवतो."

आबा हातातला हातोडा एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"गाडी नको पाठवू," करुणा म्हणाली. "मलाही अजून नीट वाटत नाही त्या बांबूंचं, तुला खोटं नाही सांगत. पण आबा इथंच राहणार आहेत. उन्हाळ्यातही आणि नंतरही. ते विचारणं आता बंद."

"आणि मी काय करू?"

"तू ये. समोरची बाजूसुद्धा खाली बसलीय, ती मला एकटीला उचलायची नाही."

महेंद्रनं विचारलं, कधी. तिनं आबांकडं पाहिलं.

"त्याला म्हणावं, वेल वर चढायच्या आत ये," आबा म्हणाले आणि दुसरी पाचर तासायला बसले.